आबांचा पटका

मी मुळात घाबरट माणूस, आणि घाबरलो की चिडतो. एप्रिलच्या शेवटी परळीच्या दवाखान्यातून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी न्यायला निघालो तेव्हा दोन्ही एकदम चालू होतं.

तीन दिवसांपूर्वी मेंढरांमागे असताना आबांना ऊन लागलं आणि ते बांधावर कोसळले. मी परळीतल्या शाळेत शिकवत होतो. गावकऱ्यांनी जीपमध्ये घालून आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं, शुद्ध नाही, आणि डोकं उघडं. ते शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय केलं असेल, तर पटका कुठंय म्हणून त्यांच्यावर ओरडलो. हयातभर उन्हात राहिलेला माणूस भर उन्हात बोडक्या डोक्यानं जातोच कसा? कुठंतरी पडला, एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे वळले. नवा पटका मी आणून दिलेला, पण तो लग्नकार्यासाठी पेटीत. रोजचा लाल पटका एकच.

सुट्टी देताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पुन्हा ऊन लागलं तर इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही, म्हणाले. गाडीत एसी आहे ना, असंही विचारलं. मी छाती काढून हो म्हणालो. निघायला दुपारचा एक वाजला. संध्याकाळपर्यंत थांबावं म्हटलं, तर खाटेसाठी दुसरा पेशंट बाहेर बाकावर बसलेला.

दिंद्रुडपर्यंत, आमच्या गावापर्यंत, तासाभराचा रस्ता. परळीच्या शेवटच्या चौकात येईतोवर एसीतून गरम हवा यायला लागली. शाळा सकाळची, मी काचा खाली करून जातो-येतो, त्यामुळे हा एसी गेल्या आठवडाभरात लावलाच नव्हता. बटण बंद केलं, चालू केलं, पंखा वाढवला. गरमच. इंजिनच्या तापमानाचा काटाही वर सरकत होता. एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं मी दर मिनिटाला आबांचं कपाळ चाचपत होतो. घाम आहे ना? घाम थांबला की संपलं, असं नर्स म्हणाली होती. कपाळ ओलं होतं की माझाच हात, कळेना.

रस्त्याकडेच्या एका एसीवाल्या मिस्त्रीच्या शेडपुढे गाडी लावली. आबांना लिंबाखाली खाटेवर निजवलं, टॉवेल भिजवून अंगावर टाकला आणि मिस्त्रीच्या मागे लागलो. गॅस गेला असेल, भरून टाका, असं मीच निदानही करून मोकळा झालो. तो पन्नाशीचा, शांत माणूस. गॅस भरून मोकळं व्हायला त्याला काय जात होतं? पण त्यानं आधी बेल्ट पाहिला, कॉम्प्रेसर चालू होतोय का ते कान देऊन ऐकलं, मग मीटर जोडलं. गॅस पुरेसा होता, उलट दाब नको तेवढा चढलेला. पुढचा पंखा फिरत होता. मी मधेमधे आबांकडे पळत होतो, परत येऊन त्याला घाई करत होतो. त्याचं आपलं चाललं होतं सावकाश.

मग त्यानं पुढच्या जाळीवर पाइपानं पाणी मारलं. या जाळीतून वारा गेला की आतली उष्णता बाहेर पडते. पाणी मारल्यावर आत जरा गार हवा आली आणि लगेच गेली.

"सर, पाणी पलीकडं जाईना कावून?" तो म्हणाला. "मधी कायतरी हाय."

बंपरच्या वरची पट्टी सोडून त्यानं हात घातला. आत सुतळीनं चारी बाजूंनी ओढून बांधलेलं एक दुहेरी कापड निघालं. राखेनं करडं, ताठ झालेलं. घडी उलगडली तेव्हा आतून लाल पटका निघाला.

मी पटका हातात घेऊन लिंबाखाली गेलो. आबांनी डोळे उघडून पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे हसले.

"तूच म्हनला व्हतास, गाडी लई राख खाती," ते म्हणाले. "म्हनून मुसकं बांधलं."

मी म्हणालो होतो खरं. परळीच्या वीज केंद्रातून राख नेणाऱ्या ट्रकांमागून रोज येतो, राख जाळीत बसते, गेल्या उन्हाळ्यात त्यानंच एसी बंद पडला होता. रविवारी गाडी धुताना मी हेच रडगाणं गात होतो, आणि आबा ओट्यावर बसून ऐकत होते. कोळपताना बैलानं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. खाणारं तोंड बांधायचं, एवढा त्यांचा साधा हिशोब. पाणी भरायला बॉनेट कसं उघडायचं, ते मीच त्यांना शिकवलेलं.

"आणि तुमच्या डोक्याला काय बांधायचं होतं?" माझा आवाज चढलाच.

"माझ्यात कुठं जाळी हाय, बिघडायला?"

दवाखान्यात मी ओरडत होतो तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून गप्प राहिला होता, हे आठवून मला माझीच लाज वाटली.

मिस्त्रीनं जाळी धुऊन पट्टी बसवली. गाडी चालू केल्यावर हवा गार यायला लागली आणि काटाही खाली आला. मी तिथल्या नळावर पटका धूत बसलो. तीनदा पिळला तरी पाणी करडंच येत होतं. चौथ्यांदा पिळून तसाच ओला आबांच्या डोक्याला बांधला. मला नीट बांधता येत नाही. सिरसाळ्यापर्यंत तो दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा मी गाडी बाजूला घेऊन पुन्हा बांधला.

सिरसाळ्याच्या पुढे आबा म्हणाले, थंडी वाजतीय, बंद कर. मी कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. तरी दिंद्रुड येईपर्यंत मी एसी बंद केला नाही.