दिंडोशीला जुना केलेला कॉम्प्युटर

गेल्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडलो. ती व्यक्ती म्हणजे माझी एक्याऐंशी वर्षांची आत्या, आणि विषय कांद्यांचा होता.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ‘शांतता राखा’ या पाटीखाली अठ्ठावीस वर्षं बसल्यामुळे मला राग आला तरी तो कुणाला ऐकू जात नाही. माझी बायको सुनंदा म्हणायची, “तुमचा राग म्हणजे सायलेंटवर ठेवलेला फोन. नुसता थरथरतो.”

सुनंदा फेब्रुवारीत गेली. त्यानंतर मी बरेच दिवस थरथरत होतो. “सुटली बिचारी” म्हणणाऱ्यांवर. “आता तुम्ही स्वतःला कशात तरी गुंतवा” म्हणणाऱ्यांवर. भेटायला येताना बिस्किटांचा पुडा आणणाऱ्यांवर (सगळे तोच पुडा आणत, गेलेल्या माणसापेक्षा घरात बिस्किटांचीच चर्चा जास्त व्हायला लागली). आणि सगळ्यात जास्त राग सुनंदावर, कारण ती एक काम अर्धवट टाकून गेली होती.

ते काम म्हणजे कॉम्प्युटर. आमची मुलगी मुक्ता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर गेम खेळते. सुनंदा आजारपणात दुपारी तिच्या शेजारी बसून बघायची. एका गेममध्ये बेटावर घर बांधायचं होतं आणि भोवती समुद्र होता. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो निळ्या ताडपत्रीसारखा दिसायचा.

“मी मालवणची मुलगी,” सुनंदा म्हणाली, “मला समुद्र नीट दाखवा.”

तेव्हापासून मायलेकी नव्या कॉम्प्युटरचे भाग निवडायला लागल्या. गेमिंगचा कॉम्प्युटर तयार घेत नाहीत; एकेक भाग आपल्या पसंतीने घ्यायचा आणि जोडून घ्यायचा, हे मला तेव्हा कळलं. सुनंदा ते भाग भेंडी निवडावी तसे निवडायची.

“याचा पंखा आवाज करतो म्हणतात.”

“आई, थोडा आवाज चालतो.”

“नको. घोरायला बाबा आहेत.”

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र दाखवणारा भाग, त्यांनी दुकानातला जवळजवळ सगळ्यात मोठा निवडला. मुक्ता म्हणाली, “एवढं नको गं, ओव्हरकिल आहे.” सुनंदा म्हणाली, “असू दे. समुद्राच्या बाबतीत मी काटकसर करणार नाही.”

ही यादी तिने एक्स-रेच्या पाकिटामागे लिहिली. नऊ ओळी. आठ ओळींपुढे नेमकं मॉडेल. नववी ओळ अशी: ‘पॉवर सप्लाय – ह्यांना विचारू.’ पॉवर सप्लाय म्हणजे बाकीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.

विचारलं नाही. राहून गेलं.

सुनंदा गेल्यावर दोन महिने मुक्ता माझ्याशी ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवले’ या तीन शब्दांत बोलत होती. एका रविवारी तिने ते पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं. “बाबा, हा बनवूया का?”

तिने विमान बनवूया म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी आत्याला फोन केला. (का केला, हा प्रश्न मला मुक्ताने नंतर अनेकदा विचारला आहे.) आत्या दिंडोशीला एकटी राहते आणि आमच्या घराण्याचे सगळे नियम तिला पाठ आहेत.

“नवीन घेतोस?” ती म्हणाली. “वर्षाच्या आत?”

“आत्या, कॉम्प्युटर आहे. सोनं नाही.”

“नवीन ते नवीन. वर्ष होईस्तोवर घरात नवी वस्तू आणायची नाही. तुझ्या आजोबांच्या वेळी आम्ही केरसुणीसुद्धा शेजारणीची वापरली.”

“म्हणजे दहा महिने थांबू?”

“जुना घे.”

“जुना चालणार नाही. यादी केलेली आहे. सुनंदाच्या अक्षरात आहे.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“असं कर,” ती म्हणाली, “सामान माझ्याकडे पाठव. चार-आठ दिवस मी वापरते. वापरलेली वस्तू नवी कशी राहील?”

“आत्या, ते सुटे भाग आहेत. तू ते कसे वापरणार?”

“ते माझं मी बघते. तू तुझ्या मुलुंडात बस.”

मी संतापलो. म्हणजे ‘बरं’ म्हणालो. मुक्ताला सांगितलं तेव्हा ती दोन महिन्यांत पहिल्यांदा किंचित हसली. “पाठवूया बाबा. आजी रॅम कशी वापरते ते मला बघायचंय.”

आम्ही घाटकोपरच्या एका दुकानात गेलो. मुक्ता यादी वाचत गेली, दुकानदार खोकी काढत गेला. आठ झाली.

“पॉवर सप्लाय?” दुकानदार म्हणाला. “काका, या कार्डाला साडेसातशे वॅट लागेल.”

मुक्ता म्हणाली, “बाबा, ते बरोबर सांगतायत.”

पण हा प्रश्न सुनंदाने मला विचारायचा ठेवला होता. मुक्ताला नाही आणि दुकानदाराला तर नाहीच. मी आठवडाभर वाचन केलं होतं (तीन लेख, दोन मन लावून). शिवाय साडेसातशे वॅट! आमच्या घरात गीझर आणि इस्त्री सोडून एवढी वीज कुणीही खात नाही. माझी समजूत अशी होती, की खोक्यावर लिहिलेली वीज तो डबा दिवसभर ओढतच राहतो.

“साडेचारशेचा द्या,” मी म्हणालो.

“काका, नाही झेपणार.”

“मी वाचून आलोय.”

दुकानदाराने साडेचारशेचा काढून दिला. वाचून आलेली माणसं त्याने बरीच पाहिली असावीत.

आठ खोकी दिंडोशीला गेली. नववं मी पाठवलं नाही. सुनंदाने माझ्यावर सोपवलेली ती एकच वस्तू कुणीही ‘वापरणार’ नव्हतं. मी ती पिशवीत घातली, वर वर्तमानपत्र झाकलं आणि मुलुंडला आणून माझ्या पुस्तकांच्या कपाटात लपवली. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव बंड.

नऊ दिवसांनी मी आणि मुक्ता सामान आणायला दिंडोशीला गेलो. दारातच आत्याने अहवाल दिला.

“सगळं वापरलंय हां. एक वस्तू सोडली नाही.”

खरोखरच सोडली नव्हती. कॅबिनेट, म्हणजे ज्या पेटीत बाकीचे भाग बसतात ती, स्वयंपाकघरात होती आणि तिच्यात कांदे-बटाटे होते. “झकास पेटी आहे रे. जाळी आहे, हवा खेळते. एक बटाटा कुजला नाही.” मदरबोर्डच्या खोक्यावर बसून ती भाजी निवडत होती. रॅमच्या दोन पट्ट्या तिने पोथीत खुणेसाठी घातल्या होत्या. ग्राफिक्स कार्ड खोक्यासकट लोणच्याच्या बरणीवर होतं (“वजन बरोबर आहे, झाकण हलत नाही”). प्रोसेसर लहान म्हणून तो तिने पर्समध्ये घालून दोनदा डॉक्टरांकडे फिरवून आणला होता.

“आणि ही ट्यूब?” मुक्ताने विचारलं. प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर लावायची पेस्ट असते, तिची ट्यूब चपटी झाली होती.

“गुडघ्याला लावली. रंग मेल्याचा राखाडी आहे, पण गुण आला हो.”

मुक्ता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं समजून मी मनातल्या मनात आत्याला एक भयंकर पत्र लिहायला घेतलं. मग कळलं की ती हसते आहे. पत्र तरीही मी पूर्ण केलं.

शनिवारी जोडणी करायला सचिन आला. मुक्ताच्या मैत्रिणीचा मोठा भाऊ. त्याचा हाच धंदा आहे.

“काका, आत कांद्याची सालं आहेत.”

“हो.”

“पेस्ट कुठाय?”

“गुडघ्याला.”

सचिनने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“माझ्या नाही,” मी म्हणालो.

त्याने सालं काढली, स्वतःकडची पेस्ट लावली आणि माझा पॉवर सप्लाय हातात घेऊन विचारलं, “काका, हा नक्की?” मी म्हणालो, “नक्की.” माझा चेहरा बघून त्याने तो बसवून टाकला. कॉम्प्युटर सुरू झाला, आत जांभळे दिवे लागले, सचिन गेला. मुक्ताने तो बेटाचा गेम उघडला. मी खुर्ची ओढून सुनंदा बसायची तिथे बसलो. पडद्यावर वाळू आली. माडाची झावळी हलली. मग कॅमेरा समुद्राकडे वळला आणि सगळं बंद.

पुन्हा सुरू केलं. वाळू, झावळी, अंधार. तिसऱ्यांदा तर झावळीसुद्धा आली नाही.

मुक्ताने माऊस खाली ठेवला. “राहू दे बाबा,” म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. ते तीन शब्द ऐकल्यावर माझा फोन सायलेंटवरून निघाला.

मी आत्याला फोन लावला. “आत्या, ती पेटी कांदे ठेवायला नव्हती!” मी म्हणालो. म्हणजे ओरडलो. “सुनंदाने शेवटचं एक काम केलं होतं. एक! तिला समुद्र बघायचा होता, आणि तू त्यात बटाटे भरलेस. तुझ्या नियमांनी वाट लागली सगळ्याची.”

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला वीस वर्षांत ‘नमस्कार’ एवढंच म्हणताना ऐकलं होतं.

आत्या म्हणाली, “झालं बोलून? ठेव फोन.” तिचा आवाज बारीक झाला होता.

सोमवारी सचिन आला. पाच मिनिटांत त्याने निदान केलं.

“सगळे पार्ट एकदम ओके आहेत काका. आजीने एकाला धक्का लावलेला नाही. फक्त हा पॉवर सप्लाय. समुद्र आला की कार्ड जोर लावतं, आणि याला झेपत नाही. रिक्षाच्या इंजिनावर ट्रक ओढताय तुम्ही.”

मुक्ता खोलीच्या दारात उभी होती. “हा आजीकडे गेला होता?” तिने विचारलं. प्रश्न साधा होता, पण तिला उत्तर माहीत होतं. कपाट तिनेही उघडलं होतं.

मी आत्याला फोन केला. माफी मागायची मला सवय आहे. ओरडल्याबद्दल मागायची वेळ मात्र पहिलीच होती. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे घरात एक वस्तू नवी आणलीस तू. आणि नेमकी तीच बिघडली.”

“बिघडली नाही आत्या, कमी पडली.”

“तेच ते. दुसरा घेशील तो इथे आण.”

साडेसातशे वॅटचा घेऊन मी स्वतः दिंडोशीला गेलो. शिकलेला, वाचलेला माणूस. रिक्षात तो डबा मांडीवर धरून बसलो होतो. आत्याने तो चार दिवस दाराला अडसर म्हणून लावला. मी गुडघ्यासाठी एक ट्यूबही नेली होती, औषधाच्या दुकानातली. तिने लावून पाहिली आणि म्हणाली, “त्या राखाडीची सर नाही.”

आता समुद्र दिसतो. लाटा फुटतात, फेस येतो, वाळू ओली होते. मुक्ता रविवारी मला शेजारी बसवते आणि मी चुकीच्या जागी घर बांधतो. माझा साडेचारशे वॅटचा डबा आत्याच्या दाराला कायमचा आहे. दार त्याला झेपतं.

सुनंदाने ‘ह्यांना विचारू’ लिहिलं आणि विचारलं नाही, याचा मला फार राग होता. तो आता राहिला नाही. आठ भाग इतके पारखून घेणारी बाई नववा विसरली नसणार. मी काय उत्तर देईन, हे तिला माहीत होतं.