पेटीतली आक्का

माझी सख्खी थोरली बहीण एकदा पेठकडच्या एका पाड्यावर पाऊण तास वारलेली होती, आणि त्याचं खापर आजतागायत माझ्या डोक्यावर फुटतं.

आक्का प्रौढ शिक्षणाच्या वर्गांसाठी गावोगावचे स्वयंसेवक तयार करायची. आजोबांच्या वयाच्या माणसाला पाटी धरायला कसं लावावं, हे ती शिबिर घेऊन शिकवी. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास एसटीच्या धक्क्यांनी तिचा मणका सरकला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तिच्या संस्थेने सांगितलं, "शिबिर कॅसेटवर घ्या. एका पाड्यावर दाखवून बघू. जमलं तर ठीक, नाहीतर त्या भागातले वर्ग बंद." आक्काला जेवण जाईना.

व्हिडिओवाला घरातच होता, म्हणजे मी. कांद्याच्या लिलावात भोंगे लावता लावता नाशकात रविवार कारंजावर स्वतःचं दुकान टाकलेला. (कोणाच्या ओळखीवर नाही, आक्काच्या तर नाहीच.) मी कॅमेरा लावला. आक्काने एक प्रश्न विचारला आणि गप्प बसून भिंगाकडे बघत राहिली.

"आक्का, बोल की. टेप फिरतेय."

"प्रश्न विचारलाय ना? उत्तर द्यायला वेळ नको त्यांना?"

"समोर भिंत आहे."

"तुझ्यासमोर भिंत आहे. माझ्यासमोर माणसं बसलीत."

इतकी वर्षं शिबिरं घेतल्यावर कोण कुठे बसतं आणि कधी पेंगतं, हे तिला पाठ झालं होतं. ती रिकाम्या भिंतीकडे बघून मान डोलवायची, "बरोबर" म्हणायची, कोपऱ्यातल्या कोणाला तरी दटावायची. भर दुपारी माझ्या मानेवर काटा आला. मी तो घामावर ढकलला.

ठरल्या दिवशी टीव्ही, व्हीसीआर घेऊन मी सावळघाट चढून पाड्यावर पोचलो. शाळेच्या खोलीत बारा स्वयंसेवक. त्यांचा पुढारी काशीराम. स्वागत म्हणून पाण्याचा तांब्या. आता लग्नाच्या शूटिंगला मला नवरदेवाआधी हार पडतो. माझं डोकं फिरलं.

"पाहुण्याला हारबिर घालायची पद्धत नाही का तुमच्यात? मला नका घालू, निदान या यंत्राला तरी घाला. पहिल्यांदा आलंय गावात."

भली माणसं. त्यांनी टीव्हीला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, पुढे उदबत्ती खोचली, नारळ फोडला. उजेड नको म्हणून मी दारंखिडक्या लावून घेतल्या आणि बटण दाबलं.

धुरातून आक्का उगवली. टीव्ही काळा-पांढरा, त्यात तिचं पातळ फिकट; चेहरा पिठासारखा. भोवती हार. ती काही न बोलता सगळ्यांकडे बघत होती.

काशीराम माझ्या कानाशी आला. "भाऊ, बाईंचं कवा झालं?"

मी तारांत गुंतलेलो. मला वाटलं, दुखण्याचंच विचारतोय. "दिवाळीनंतर. मणका. डॉक्टरांनी हात टेकले. आता ती काही यायची नाही, म्हणून तर ही कॅसेट."

त्याने टोपी काढली. मागे कोणीतरी हुंदका दिला. मला वाटलं, काय हा शिकण्याचा ध्यास.

"खांबाजवळची," पडद्यातून आक्का म्हणाली, "झोपू नको."

खांबाजवळ सोमीताई बसली होती, आणि तिचा डोळा लागला होता. ती ताडकन उभी राहिली. "नाय बाई, जागी हाय मी."

आक्काने तिच्याकडे बघून मान डोलवली. "बरोबर. बस आता."

सोमीताई बसली. मीही बसलो. (मी आधी उभा होतो.) रेकॉर्डिंग मीच केलं होतं, हे मी मनात घोकत होतो, पण आक्का नेमकी माझ्याकडेच बघतेय असं वाटत होतं. तिने प्रश्न विचारावा, थांबावं, बारा जणांनी हात जोडून उत्तर द्यावं आणि तिने "शाबास" म्हणावं. एकदाही कोणी चुकलं नाही. मेलेल्या माणसापुढे कोण चुकणार?

"मी गेले असं समजू नका," शेवटाकडे आक्का म्हणाली. "मी इथेच आहे."

आणि वीज गेली.

पडदा विझला. उदबत्तीचा लाल ठिपका तेवढा उरला. बाहेर पाचोळा वाजला. दाराची कडी हलली. आणि अंधारात, ओळखीच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "काय रे, बंद का केलं?"

पुढचं मला नीट आठवत नाही. शाळेची मागची खिडकी लहान आहे आणि तिच्याखाली करवंदाची जाळी आहे, एवढं आठवतं.

दाजींनी कोणाची तरी जीप मागून आणली होती. मागच्या सीटवर आडवी पडून आक्का घाट चढून आली होती, कारण माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. दारात तिला बघून बारा जणांपैकी एकही हलला नाही. सोमीताईने पुढे होऊन विचारलं, "बाई, जेवला का? वर देतात का जेवायला?" मग तिने आक्काचा हात धरून पाहिला, तो गरम लागला, आणि सगळे खो खो हसत सुटले. मला जाळीतून काढेपर्यंत त्यांचा चहाही पिऊन झाला होता.

त्या पाड्यावर आठवड्याच्या आत वर्ग सुरू झाला. संस्थेने कॅसेट मंजूर केली, आक्काचं काम टिकलं. आजूबाजूच्या पाड्यांवरूनही मागणी आली. काशीरामच्या चिठ्ठीत एकच सूचना होती: "बाईंची पेटी जरूर पाठवावी. चालवायला मात्र धीट माणूस द्यावा."