ग्रासिंदाबाईंची जिएश्ता

द्राक्षांच्या गावात छाटणी कुणी कुणाला शिकवत नाही. पोर्तुगालमधल्या दूरू नदीच्या उतारावरच्या या गावात तर हातात कात्री धरता येणारा प्रत्येक माणूस स्वतःला उस्ताद समजतो, आणि अबीलियू तर खरोखरच उस्ताद. फेब्रुवारीत तो वेलींवरून फिरला की मागे नुसते खुंट उरतात, आणि एप्रिलात त्याच खुंटांवर हिरवा दंगा माजतो. त्याच उस्तादाने आपल्या भावजयीच्या जिएश्तेचा जीव घेतला.

जिएश्ता म्हणजे पिवळ्याधमक फुलांचं, खराट्यासारख्या फांद्यांचं झुडूप. ग्रासिंदाबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा माहेरच्या डोंगरावरून तिच्या शेंगा पदराला बांधाव्यात तशा रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या. एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक दाराला, गाडी-ट्रॅक्टरलासुद्धा, जिएश्तेची डहाळी लागायलाच हवी, नाहीतर मे महिन्याबरोबर नको ते घरात शिरतं. आसपासची टेकडी साफ करून वेली लावल्यापासून सगळ्या गावाला डहाळी मिळायची ती ग्रासिंदाबाईंच्या फाटकाशीच. बाईंना त्याचा गर्व होता आणि त्या तो लपवतही नसत.

चार वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी त्या फ्रान्सला गेल्या. परत येऊन पाहतात तर फाटकाशी गुडघाभर उंचीचे चार तपकिरी खुंट.

"वहिनी, फार माजली होती. वेलीसारखी छाटली आतपर्यंत," अबीलियू अभिमानाने म्हणाला. "बघा, मेपर्यंत कशी फुटते."

"भावजी, ही जुन्या लाकडातून फुटत नाही."

"अहो, चाळीस वर्षं छाटतोय मी!"

"वेली छाटताय. माझ्या झाडाला विचारलंत का?"

ती फुटली नाही. त्या वर्षी कुणी नदीपलीकडून सुकलेल्या डहाळ्या आणल्या, तर पाद्रीबाबांच्या शेजारणीने प्लास्टिकची पिवळी फुलं टांगली. ते पाहून ग्रासिंदाबाईंनी बिस्किटांचा जुना डबा उघडला. आत शेंगा होत्या. दर उन्हाळ्यात शेंगा काळ्या पडायला लागल्या की तडकण्याआधीच त्या खुडून डब्यात टाकायच्या, हा त्यांचा शिरस्ता. एकदा तडकल्या की बी कुठल्या कुठे उडतं आणि शेजारच्या वेलींत रान माजतं. त्यांनी बिया गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या, फाटकाशी पेरल्या.

रोपं वर आली तसा अबीलियू कुंपणाशी उभा राहिला. त्याची द्राक्षं बरोबर खालीच. "वहिनी, माझ्या वेलींत एक जरी रोप दिसलं ना, कुदळ घेऊन येईन. ही सगळी मुळासकट काढीन."

"या. पण एक दिसलं तरच."

तिसऱ्या वर्षी मोजकी फुलं आली. गाव डहाळ्या मागायला आलं, बाईंनी हात जोडून यंदा नाही म्हटलं. फुलं झडली त्याच आठवड्यात त्या शिडीवर चढल्या आणि नुसते हिरवे शेंडे छाटले, तपकिरी लाकडाला कात्री लावली नाही. पुढे उन्हाळ्यात उरलेल्या शेंगा एकेक करून वेचल्या. अबीलियूने पुढचा हिवाळाभर वेलींच्या ओळी वाकून वाकून तपासल्या. कंबर धरली, पण रोप काही सापडलं नाही.

यंदा एप्रिलात झुडूप असं फुललं की फाटक दिसेना. शेवटच्या दिवशी दुपारपासून रांग लागली. ग्रासिंदाबाई स्वतः कापून देत होत्या, प्रत्येकाला एक. पाद्रीबाबांच्या त्या शेजारणीला दोन दिल्या. "ही दाराला, आणि ही त्या प्लास्टिकच्या फुलांच्या थडग्यावर." सगळे हसले, शेजारीणही.

ऊन उतरलं तेव्हा शेवटी अबीलियू आला. कुदळ नव्हती, हातात नुसती द्राक्षांची कात्री, नजर जमिनीकडे.

"माझं दार मोकळंच आहे अजून," तो पुटपुटला. "ट्रॅक्टरही."

आता मात्र ग्रासिंदाबाईंना चार वर्षांचं सुख एकदम मिळालं. त्यांनी आपली छोटी कात्री पुढे केली. "ती द्राक्षांची कात्री भिंतीवर ठेवा. घ्या, कापा."

गावच्या उस्तादाने फांदी धरली आणि थबकला. "इथे?"

"वर. हिरवं आहे तिथे."

त्याने जपून कापलं. पहिली डहाळी हातात घेऊन तो वळला, तर बाईंचंच दार मोकळं होतं. सगळ्यांना वाटता वाटता स्वतःचं राहिलं होतं. त्याने ती डहाळी त्यांच्या कडीत खोचली आणि पुन्हा झुडपाकडे आला.

"वहिनी, हिची छाटणी कधी करायची?"

चाळीस वर्षांत त्याने हा प्रश्न कुणालाच विचारला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"फुलं झडली की लगेच. बोलावीन तुम्हाला."

"शिकवणार?"

"आधी दोन वर्षं शेंगा वेचा. मग कात्रीचं बघू," ग्रासिंदाबाई म्हणाल्या, आणि ट्रॅक्टरसाठी सगळ्यात भरलेली डहाळी त्यांनी स्वतः निवडून दाखवली.