ज्याला सगळे करंट म्हणत

मारेगावात भीमराजचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कुणी जळालेला पंप घेऊन आला, की भीमराज तो खोलायचा, आतली काळी पडलेली तार नाकाशी नेऊन हुंगायचा आणि विचारायचा, "काहून जळला?" गिऱ्हाईक वैतागायचं. त्याला मोटर सुरू व्हायला हवी असे. भीमराजला मात्र ती बंद का पडली हे कळल्याशिवाय चैन नसे.

गालात दाबलेल्या खर्‍याबद्दल, त्या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाबद्दल, मात्र त्यानं कधी काही विचारलं नव्हतं. आतून पांढरा चट्टा उठला, तिखट सोसेना, घास जाण्यापुरतंही तोंड उघडेना, तेव्हा बायको प्रभावती त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. कॅन्सर निघाला. गालाचं ऑपरेशन झालं, जखम भरत आली. मग एके दिवशी राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "आता रेडिएशन घ्यायचं," आणि पुढच्या खाटेकडे वळले.

"म्हंजे काय जी?" भीमराजनं शेजारच्या पेशंटला विचारलं.

"करंट देतेत, भाऊ."

बाकीच्यांसाठी तो नुसता शब्द होता. भीमराजच्या तळहातावर मात्र त्याचा व्रण होता. तारुण्यात एकदा जिवंत तारेला चिकटला होता, तेव्हा जबडा असा आवळला गेला होता की ओरडताही आलं नव्हतं. आता तेच कुणी मुद्दाम तोंडाला देणार?

मशीनवर जायच्या आधी त्याच्या चेहऱ्याचा मुखवटा बनवला गेला. गरम पाण्यात मऊ झालेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबली, गार होताच ती त्याच्याच नाकाहनुवटीच्या आकाराची झाली. भीमराजला ही करामत फार आवडली. पण पहिल्या दिवशी तोच मुखवटा टेबलाला खटाखट अडकवला गेला. मान हलेना. मशीन चालवणारी निकिता आणि तिचा सहकारी बाहेर गेले आणि जाडजूड दार सरकत बंद झालं.

सगळे पळाले काहून?

त्यानं हात वर करून जोरजोरात हलवला. बाहेर कॅमेऱ्यावर ते दिसलं. मशीन सुरू व्हायच्या आतच निकिता धावत आली, तिनं मुखवटा सोडवला. भीमराज उतरला तो थेट खुंटीवरच्या आपल्या शर्टाकडे गेला. खिशातला टेस्टर काढला आणि टेबलाच्या लोखंडाला लावला. दिवा लागला नाही. दुसऱ्या बाजूला लावला. तिथंही नाही.

निकिता पुसदची, त्याच्याच जिल्ह्यातली. ती हसली नाही. "काका, काय शोधून राह्यले?"

"करंट."

"तुमाले कोणी सांगतलं करंट देतो म्हणून?"

"सारेच म्हणतेत."

ती स्टूल ओढून बसली. "एक्स-रे काढला नं तुमी? फोटो काढताना काही लागलं?"

"नाई."

"तसेच किरण हे. लय जास्त ताकदीचे. मशीनले वीज लागते, पण तुमच्या अंगात वीज नाई जात. राहिलेली बारीक बीमारी असंल, तर ती मारासाठी देतो."

"मंग तुमी काहून पळता?"

"तुमाले जेवढे पाहिजे तेवढे मोजून, लागते तिथंच देतो. मी दिवसभर इथं उभी राह्यली तर मले बिनकामाचे लागतीन. रोज."

भीमराजला हे पटलं. मग त्यानं घरून मनात आणलेला प्रश्न काढला. ऑपरेशननंतर तो घरी गेला, तेव्हा कॅन्सर लागतो असं कुणी नातेवाइकानं सांगितलं म्हणून त्याचं ताट-पेला वेगळा झाला होता, आणि नात मैत्रेयीला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते. "नातीले मांडीवर घेतलं तर?"

"खुशाल घ्या. कॅन्सर लागत नाई, अन् हे किरण अंगात राहत नाई. पण तोंड येईन, कातडी काळी पडंल, जेवण मातीसारखं लागंल. तवा घाबरून घरी पळू नका. आमाले सांगा."

भीमराज पुन्हा टेबलावर झोपला. डोक्याजवळून मशीनचा घरघराट फिरला. काहीच लागलं नाही. त्याला क्षणभर चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

पुढं तोंड आलं, वरणही झोंबू लागलं. प्रत्येक त्रासाला तो निकिताला विचारी, "हे त्यातलंच का?" कधी ती हो म्हणे, कधी लगेच डॉक्टरांकडे पाठवी. घरी प्रभावतीनं वेगळं ताट मांडणीतल्या बाकीच्या ताटांत मिसळून टाकलं. "अवो, आता ओळखून दाखवा तुमचं कोणतं," ती म्हणाली. खर्रा सुटला. तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, पण भाकर कुस्करून खाता येते.

तो दुकानावर बसू लागला, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या बेबीताईंची गोष्ट कानावर आली. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आणि आता करंट नको म्हणून त्या घरी बसलेल्या. भीमराज स्वतःहून गेला. आपलं सगळं सांगितलं. बेबीताईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, डोक्याचे केस जातेत का त्यानं?"

भीमराजनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "माही दाढी गेलती. पण तुमचं मले नाई सांगता येत. इचारू."

भीमराजच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी त्या त्याच्याबरोबर नागपूरला आल्या. निकिता म्हणाली, "जिथं किरण पडते तिथलेच केस जातेत, ताई. तुमच्या डोक्यावर आपण देतच नाई. ते जातेत दुसऱ्या औषधानं. तुमाले ते औषध देणार का, ते डॉक्टरांले इचारा."

बेबीताईंनी पदर सावरला. "अन् सैपाक करता येते का? अन् उन्हात वावरात गेलं तर? अन् हे डाव्या अंगाले हाय, मंग दिलाले काही होईन का?"

दिलाचं भीमराजच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली.