लाइट नसलेल्या दिवशी कॅम्प चार

बदलापूर गावातून उल्हासनगरच्या कॅम्प चार या भागात जायला स्कूटरवर पाऊण तास पुरतो. आम्हाला तयारीलाच दोन दिवस लागतात. माझी लेक सई नऊ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. कुठे जायचं हे तिला आधी चित्रांतून दाखवावं लागतं: स्कूटर, पूल, पकवान, शिवणयंत्र, घर. फ्रिजवर ही पाच चित्रं लागली की ती त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवते. मला मात्र ते दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

जायचं कारण कपड्यांचं. आतली शिवण सईला इतकी टोचते की ती किंचाळत कपडे ओरबाडून काढते. कॅम्प चारच्या जीन्स शिवणाऱ्या गल्लीत घनशामशेठ म्हणून एक सिंधी कारखानदार आहेत, ते तिला शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन मऊ पायजमे शिवून देतात. माप अंगावरच घ्यावं लागतं, आणि यंत्रांचा आवाज तर तिला अजिबात सोसत नाही. म्हणून आम्ही दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात तोच दिवस धरतो. सगळी गल्ली लाइटच्या नावाने बोटं मोडत असते आणि मी एकटी खूश.

निघताना ओढणीने सईला माझ्या कमरेशी बांधलं, दोन गाठी मारल्या. शेजारच्या नलूकाकू ओट्यावर मासळी साफ करत होत्या.

"कुठं निघाल्या गं मायलेकी?"

"जरा बाजारात," मी म्हटलं. सईबद्दल मी शेजारी बोलत नाही. जरा हट्टी आहे, एवढंच सांगून ठेवलंय. आमच्या दाराला आतून उंचावर दुसरी कडी का आहे असं कुणी विचारलं, तर मी चोरांवर ढकलते.

रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला आलो. सईच्या हातात जुन्या पर्सची चेन होती. ती तिला सतत लागते. रनर वर, रनर खाली, झर्र-झर्र. तो आवाज पाठीशी असला की मागे वळून बघावं लागत नाही. तो थांबला की माझा हात आपोआप मागे जातो, तिचा पाय चाचपतो.

अंबरनाथ पूर्वेला रस्ता खणलेला. तिथे उभ्या असलेल्या कामगाराने हात करून आम्हाला नेहमीच्या वळणाआधीच आत वळवलं आणि सईने टाहो फोडला. एक बाई पिशवी खाली ठेवून म्हणाली, "दोन फटके द्या, गप्प बसेल." मी सईला घेऊन खाली उतरले, तिला तसंच कमरेशी बांधलेलं ठेवून खड्ड्याच्या कडेने स्कूटर ढकलत नेली. नेहमीचं वळण आलं तशी ती शांत झाली.

कॅम्प चारला पोचल्यावर आधी पकवान (मैद्याची कडक तळलेली पुरी). सोबतची डाळ सईला चालत नाही. ती कुडुम कुडुम आवाज करत नुसतंच खाते, आणि त्या पाच मिनिटांत मीही चहा पिऊन घेते.

कारखान्याचं शटर उजेडासाठी पूर्ण वर होतं. कारागीर रिकाम्या यंत्रांपुढे गप्पा मारत बसले होते. "आओ अदी (बहिणी)," शेठ म्हणाले. मापासाठी मी ओढणीच्या गाठी सोडल्या. टेप मीच घोट्यापर्यंत नेला, आणि लाइट आली. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीच.

वीस यंत्रं एकदम सुरू झाली. सई किंचाळली. मी टेप टाकून उभी राहीपर्यंत ती शटरबाहेर होती, आणि मी बाहेर आले तेव्हा गल्लीत नव्हती.

गल्लीच्या एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला नाला. सईला पाण्याची भीती वाटत नाही, उलट ओढ आहे. मी "सई, सई" ओरडत सुटले. माझ्यामागे सगळे कारागीर धावले. "सई बेटी!" "ए लडकी!" भली माणसं, जीव तोडून ओरडत होती. आरडाओरडा झाला की ती आणखी लपते, हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

मग मी शेठचा हात धरला. "ओरडू नका. मशीन बंद करा. तिच्या हातात चेन आहे, आवाज येईल."

सकाळपासून खोळंबलेलं काम आत्ता कुठे सुरू झालं होतं. शेठनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मेन गिरा दो!" ते ओरडले आणि स्वतः अनवाणी पळत एकेका शटरपाशी जाऊन हात जोडत गेले, "बंद कर यार, बच्ची है."

गल्ली थांबली. काहीच ऐकू येईना.

"अदी, इधर," नाल्याकडे कान लावलेला एक म्हातारा कारागीर हळूच म्हणाला.

नाल्याच्या फुटलेल्या भिंतीपासून तीन पावलांवर कापडाच्या तुकड्यांचा ढीग होता. त्यात गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून सई बसली होती. झर्र-झर्र.

माप पूर्ण होईपर्यंत एकही यंत्र लागलं नाही. "आराम से लो," शेठ म्हणाले, "लाइट आज आलीच नाही समजा."

परतताना अंबरनाथला मी स्कूटर कडेला लावली आणि रडले. गावात चेनचं हे कुणाला माहीत आहे? मला आणि हिच्या बाबांना. ते कामावर असले आणि मी तापाने पडले तर? आम्ही दोघंही नसलो तर? या मुलीला शोधायचं कसं, हे मी अख्ख्या गावापासून शरमेने लपवून ठेवलं होतं.

घरी पोचलो तर नलूकाकू ओट्यावरच. "काय आनलं गं बाजारातून?"

मी गाठी सोडता सोडता त्यांना सगळं सांगितलं. ही हट्टी नाही, हेही. "काकू, ही कधी दिसली नाही तर हाका मारू नका. सगळं बंद करा आणि ऐका."

काकू उठून आत गेल्या. त्यांनी टीव्ही बंद केला, पाण्याची मोटर बंद केली आणि बाहेर येऊन मान तिरकी करून उभ्या राहिल्या. सई चेन हातात घेऊन आमच्या दाराआड उभी होती.

"आलं ऐकू," काकू म्हणाल्या. "पन माझ्या सुनांना, नातवांनाबी सांगून ठेव. मी म्हातारी किती पुरनार?"