पोतं धरून सहा

वणीत ज्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात मी कामाला आहे, त्यांचा साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींचा क्लब आहे. आठवीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला त्यांनी क्लबचे व्हिडिओ टाकायचं काम विश्वासाने दिलं. कमेंटमध्ये कोणी शिव्या दिल्या तरी ते "या एकदा, बसून पाहा" एवढंच लिहायला लावतात.

रिकाम्या साइडकारमध्ये ते वजनाला सरकीचं पोतं ठेवतात. सभासद किती विचारलं की म्हणतात, "पाच. पोतं धरून सहा."

परवा व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून मी ते पोतं गुपचूप काढलं. दादा डावीकडे वळताना साइडकारचं चाक हवेत गेलं, गाडी उलटता उलटता राहिली. मी सगळं कबूल केलं. आता काम गेलंच, असं मनाने घेतलं होतं.

त्यांनी चष्मा पुसला. "हाच व्हिडिओ टाक भाऊ. लोकायले समजू दे." मग कॅमेऱ्यासमोर उभे राहून म्हणाले, "पोतं ठेवाचं माह्याच्यानं राहून गेलं."

मी मोबाइल खाली घेतला. "दादा, ते तर मी..."

"तुले बोलाले कोनं सांगतलं? मोबाइल काहून खाली घेतला? चाल, पुन्हा घे."