दुसरी घागर कोणाची?

मी सुरतेच्या एका प्रोसेस मिलमध्ये कापडाचे ताके मोजतो. शंभर मीटरच्या ताक्यात चाळीस सेंटिमीटर कमी भरले तरी वहीत लिहितो. घरातही मी असाच चोख आहे, असा माझा समज होता. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीने तो खोटा ठरवला.

माझे वडील इथे सुरतेतच, नवागामला आमच्याजवळ राहायचे. मुलीचे ते आजोबा आणि खेळगडीही. थंडी संपता संपता ते एका लग्नासाठी खानदेशात गावी गेले आणि तिथेच एका रात्री झोपेत वारले. मुलीला सुरतेतच, भेस्तानला तिच्या मामाकडे सोडून आम्ही धावलो. तेरावं उरकून परतलो तेव्हा तिने विचारलं, "आजोबा नाही आले?"

माझी आई पटकन म्हणाली, "ते गावलेच शेतस."

आमच्या गल्लीत हे उत्तर कोणालाही पटतं. इथलं प्रत्येक घर वर्षातून तीनचारदा गावी जातं आणि परत येतं. त्यामुळे मुलगी वाट बघू लागली. फोन लावा म्हणाली की मी म्हणायचो, गावात रेंज नाही. आईचं म्हणणं, "लहान जीव शे, तिले काय समजस?" बायको मात्र एकदा बोललीच, "मिलमध्ये चाळीस सेंटिमीटर सोडत नाही, आणि घरात सबंध माणूस लपवताय." मी ऐकून घेतलं. केलं काहीच नाही.

मग आखाजी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोऱ्या ठेवतात. मागच्या वर्षी खुद्द आजोबांनीच मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, मेलेल्या माणसांनाही उन्हाळ्यात तहान लागते, म्हणून हे पाणी.

आईने सकाळी घागरी मांडल्या. मुलीने बोट लावून मोजल्या.

"पप्पा, मागच्या वेळी एकच होती. पणजोबांची."

"हो."

"आता दोन आहेत. दुसरी कोणाची?"

आई सांजोऱ्या सारख्या करू लागली. बायको माझ्याकडे बघत राहिली. मोजायला पोरीला मीच शिकवलं होतं.

"आजोबांची," मी म्हणालो. "ते वारले. बहात्तर दिवस झाले. मी तुला खोटं सांगत होतो."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "म्हणजे ते माझ्यावर रागावले नव्हते?"

"तुझ्यावर कशाला रागावतील?"

तेव्हा कळलं. आजोबा निघायच्या आदल्या दिवशी तिच्या हातून त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती. तिने चष्मा तसाच डबीत ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. आजोबा येत नाहीत, फोनही करत नाहीत, ते त्याच रागाने, असं ती इतके दिवस धरून बसली होती. मी तिला दुःखापासून वाचवतोय असं समजत होतो.

मी तिला जवळ घेतलं. माझ्या मनगटावर तिची बोटं ठेवली आणि घड्याळ लावून एक मिनिट नाडी मोजायला लावली. अठ्ठ्याहत्तर भरली.

"आजोबांची नाडी थांबली. शून्य झाली. एकदा शून्य झाली की परत सुरू होत नाही. त्यात राग नसतो आणि कोणाची चूकही नसते."

"दुखलं त्यांना?"

"झोपेत गेले, असं गावच्या काकांनी सांगितलं. मी तिथे नव्हतो."

"आता कुठे आहेत?"

"घागरजोडे," आई घागरीजवळ बोट दाखवत म्हणाली. "पाणी पेवाले येतस."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिला दोन्ही उत्तरं चालली. मग विचारलं, "तुमची कधी शून्य होणार?"

"तेही माहीत नाही."

"अंदाजे सांगा ने!" तिने गुजराती हेल काढला.

"आजोबा शहात्तरचे होते. मी अठ्ठेचाळीसचा. तेवढा जगलो तर अठ्ठावीस वर्षं."

तिने बराच वेळ बोटं मोजली. "तेव्हा मी चौतीसची. मग चालेल." आणि लगेच वळून, "आजी, तू एकाहत्तरची ना? तुझी पाच."

"पाचच?" आई ओरडली. "पंधरा कर वं माय, तुनं लगीन देखनं शे माले!"

आम्ही सगळे हसलो. हे गणित असं चालत नाही, कोणी लवकर जातं, कोणी शंभरी गाठतं, हे मी सांगितलं. पण आईची पंधरा वर्षं तिने मंजूर केली.

घागरीत पाणी ओतायला ती पुढे झाली आणि तिथे मात्र रडली, हुंदके देऊन. मी गप्प करायला गेलो तर बायको म्हणाली, "रडू द्या तिला. तिचे आजोबा होते." बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"पप्पा, आता खोटं नाही ना बोलणार?"

"नाही."

"मग सांगा, पुरणपोळी आजीची चांगली की मम्मीची?"

आई थांबली. बायकोने तव्यावरची पोळी उलटायची सोडून माझ्याकडे पाहिलं. मुलगी डोळे न हलवता वाट बघत होती.

"आजीची," मी म्हणालो. "थोड्या फरकाने."

बायकोने मला वाढलं नाही, आईने वाढलं. पण मुलगी माझ्याच ताटावर येऊन बसली आणि अर्धा आमरस तिनेच संपवला.